निवांतची दहावी पायरी

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधोमध थांबली तेव्हा मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दवाखान्यात दिवसभरात बेचाळीस लोकांचे डोळे तपासून झाले होते, "हे स्पष्ट दिसतं की ते?" हा प्रश्न हजारदा तरी विचारून झाला होता, आणि घरी आईचा ऑपरेशन झालेला गुडघा माझी वाट बघत होता. इथं मात्र कोणीही मला काहीही सांगू शकत नव्हतं. मी पर्स खाली ठेवली, भिंतीला टेकले आणि डोळे मिटले.

"आत कोणी आहे का?" वरच्या दाराच्या फटीतून आवाज आला.

"आहे."

"घाबरू नका. मी लिफ्टवाला. दहा मिनिटांत बाहेर काढतो."

"सावकाश काढा," मी म्हटलं. "घाई नाही."

वरून हसू ऐकू आलं. "सात वर्षं हे काम करतोय. सावकाश काढा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मग पान्याची ठोकाठोक सुरू झाली आणि त्या ठोकाठोकीतून तो माझ्याशी बोलत राहिला. अडकलेल्या माणसाला बोलतं ठेवायचं असतं म्हणे.

"एक विचारू? तुम्हाला एखादी अचाट शक्ती मिळाली, एकच, तर कुठली घ्याल? उडायची? भिंतीपलीकडचं दिसायची?"

"दिसण्याचं नाव काढू नका... झोप घेईन. आणि ती दुसऱ्यालाही लावता यावी. डोक्यावर हात ठेवला की समोरचा गप्प!"

"बापरे," तो म्हणाला. "ही कोणी मागितलीच नव्हती आजपर्यंत."

दार उघडलं तेव्हा मजला माझ्या छातीशी होता. त्याने मला वर ओढायला हात पुढे केला, मग त्या हाताकडे पाहिलं, तो पॅन्टला पुसला, पुन्हा पाहिलं आणि पुन्हा पुसला. मला हसू आलं. वर आल्यावर त्याने खिशातल्या पावतीपुस्तकाचा एक कागद फाडला आणि मागे पत्ता लिहून दिला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानामागची खोली, रविवार, दुपारी तीन.

"एक खेळ असतो. एक जागा रिकामी आहे."

"पत्ते?"

"छे. फासे, कागद, पेन्सिल... आणि भरपूर थापा."

मी का गेले? रविवारी दुपारी घरी राहिले असते तर कपाटं आवरावी लागली असती, हे एक कारण. त्याने हात दोनदा पुसला होता, हे दुसरं.

खोलीत औषधांची खोकी छतापर्यंत रचलेली होती आणि बसायलाही खोकीच. दुकानाचे मालक, त्यांना सगळे काकाच म्हणत, रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून इथं येऊन बसायचे. त्यांच्या शेजारी शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. त्या फार बोलत नसत, पण जे बोलत त्याने काकांचा अख्खा आठवडा खराब होत असे. आणि समोर वही उघडून लिफ्टवाला. इथं त्याला सूत्रधार म्हणायचं.

खेळ सोपा होता. एक शहर आहे आणि आम्ही तिघं अचाट शक्तीची माणसं त्याचे राखणदार. काय संकट आलंय ते सूत्रधार सांगणार, आम्ही काय करतो ते आम्ही सांगणार, आणि ते जमलं की फसलं ते फासे ठरवणार. काकांचा नायक होता रबर, त्याचे हात हवे तेवढे लांब व्हायचे. बाईंची नायिका रेघ, ती जे काढेल ते खरं व्हायचं. माझ्या नायिकेचं नाव मी निवांत ठेवलं. तिने डोक्यावर हात ठेवला की दरोडेखोर असो की पिसाळलेला राक्षस, जागच्या जागी झोपायचा.

"आता नियम," सूत्रधार म्हणाला आणि त्याने वहीचं पहिलं पान माझ्याकडे फिरवलं.

नियम तीनच होते. प्रत्येक बैठकीनंतर गुण मिळणार: हजेरीचा एक, जिवावरचा धोका पत्करला तर एक, दुसऱ्यासाठी काही केलं तर एक. पाच गुण जमले की नायक एक पायरी वर चढणार, त्याची शक्ती वाढणार. पण चढताना त्याला काहीतरी कायमचं सोडावं लागणार, आणि काय सोडलं ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगावं लागणार. तिसरा नियम असा की तिघंही दहाव्या पायरीवर पोचले की मोहीम संपली.

"संपलीच पाहिजे का?" मी विचारलं.

"संपलीच पाहिजे. नाहीतर मारुतीचं शेपूट होतं," काका म्हणाले. "मागची मोहीम सहा वर्षं चालली. शेवटी आपण कोणाशी लढतोय तेच कोणाला आठवेना."

रेघ दर पायरीला एकेक रंग सोडत गेली. बाई शांतपणे म्हणायच्या, "आज हिरवा," आणि त्या क्षणापासून रेघेच्या जगात हिरवं काही दिसायचं नाही. काका टोपी सोडायचे, चपला सोडायचे, एकदा तर त्यांनी मेहुणाच सोडला.

मी निवांतची झोप सोडायचे. दर पायरीला एक तास. जगाला झोपवणारी बाई स्वतः मात्र सात तासांवर आली, मग सहावर, मग पाचावर. मला वाटलं होतं हा विनोद होईल. पण तिसऱ्या पायरीला मी "अजून एक तास" म्हटलं तेव्हा सूत्रधाराने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"निवांतला कोणी झोपवत नाही का?" त्याने विचारलं.

"तिची शक्ती तिच्यावर चालत नाही."

"मी शक्तीचं विचारलं नव्हतं..." तो म्हणाला, आणि मग घाईघाईने फासे गोळा करायला लागला.

त्यानंतर रविवार हा माझ्या आठवड्यातला एकमेव दिवस झाला. बाकीचे सहा नुसते येऊन जायचे. आईला बिछान्यातून उठवायचं, व्यायाम करून घ्यायचा, दवाखाना, डोळे, डोळे, परत आई. थकवा हाडांत उतरला होता. पण रविवारी त्या खोकल्याच्या औषधाच्या वासात बसले की मी जोरात हसायचे, भांडायचे, खोटं बोलायचे. पावसात टपटप वाजणाऱ्या पत्र्याखाली तो राक्षसाचा आवाज काढायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. तो राक्षसामुळे नव्हता, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

एकदा मी त्याला म्हटलं, "तुम्हाला चष्मा लागलाय."

"नाही लागलेला."

"समोरच्या खोक्यावरचं नाव वाचा बघू."

त्याने डोळे बारीक केले. "खोकला."

"पोटदुखी आहे ती. उद्या या दवाखान्यात."

तो आला, केस विंचरून, नवा शर्ट घालून. अंधाऱ्या खोलीत मी त्याच्या डोळ्यांवर ती जड चौकट चढवली आणि काच बदलली. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"हे स्पष्ट की ते?"

"दोन्हीत तुम्हीच दिसताय."

"मला नका वाचू. समोरचा अक्षरांचा तक्ता वाचा."

"तक्त्यापेक्षा..." तो थांबला. चौकटीआडून त्याचे डोळे माझ्याकडे वळले होते. मग त्याने नाक खाजवलं आणि म्हणाला, "दुसरी. दुसरी स्पष्ट." पुढचं वाक्य त्याने गिळलं ते गिळलंच. बाहेर पडताना नुसतं "येतो" म्हणाला.

पाच महिन्यांत आम्ही झपाट्याने चढलो. काका आणि बाई दहाव्या पायरीवर पोचले. रेघेचं जग पार काळंपांढरं झालं होतं. मी नवव्या पायरीवर होते, निवांतची आठही तास झोप संपली होती, आणि त्या रविवारी माझ्या कागदावर बरोबर पाच गुण जमले. मी पेन्सिल उचलली.

आणि मला मोहीम संपल्यानंतरचा पुढचा रविवार दिसला. कपाटं, धुणं, आईचा गुडघा, दुपारी तीन. इथं येण्याचं काही कारणच नाही. त्याला भेटण्याचंही नाही, कारण खेळ सोडला तर आमचं एकमेकांशी नातं काय? त्याने एकदा मला लिफ्टमधून काढलं होतं, मी एकदा त्याला चष्मा दिला होता. माझा हात थांबला. तो मला आवडतो, खूप आवडतो, हे मला त्या क्षणी, फासे आणि बिस्किटांच्या चुऱ्यासमोर कळलं.

"सोडायला काही उरलंच नाही," मी म्हटलं. "झोप संपली. पुढच्या वेळी सांगते."

पुढच्या वेळी मी तेच म्हटलं, त्याच्या पुढच्या वेळीही. चार महिने म्हटलं. पायरीला पाच गुण लागायचे, माझ्याकडे सदतीस साठले.

"काय गं चष्मेवाली, लोणचं घालणार आहेस का त्या गुणांचं?" काका वैतागायचे. "रबर दहाव्या पायरीवर नुसता हात लांब करून बसलाय."

"बसू द्या," बाई म्हणायच्या. "हात लांब असले तरी डोकं आखूडच आहे त्याचं."

"पुढच्या वेळी" म्हटलं की सूत्रधार नुसती मान हलवायचा आणि काहीतरी नवीन संकट काढायचा. पण आताशा त्याची संकटं दमलेली असायची. एका रविवारी तर शहरावर नुसता पूर आला आणि आपला आपण ओसरला.

मग एके दिवशी त्याने वही उघडली आणि चौथा नियम वाचून दाखवला. "न वापरलेले गुण महिनाअखेर बाद."

"हे काय मधेच?" मी विचारलं.

"माझी बदली झालीय." तो वहीकडेच बघत होता. "नवीन हॉस्पिटल बांधतायत, बारा लिफ्ट आहेत. दोन वर्षं तिकडेच. महिना संपला की गुरुवारी निघायचं. मोहीम त्याआधी संपायला हवी."

काका हळहळले, बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी पेन्सिलीला टोक करत बसले. टोक मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा मोडलं.

निघताना मी त्याला दुकानाच्या मागच्या पायऱ्यांवर गाठलं.

"तुम्हाला संपवायची एवढी घाई आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावर पावसाचे थेंब पडले होते. "हो," तो म्हणाला. "आहे."

"का?"

"ते... मोहीम संपल्यावर सांगेन."

"संपल्यावर सांगून काय उपयोग?" माझा आवाज चिरकला. "कंटाळा आला असेल तर तसं म्हणा ना. माझ्यासाठी नियम कशाला वाकवता?"

"कंटाळा नाही आलेला."

"मग?"

तो वही बगलेत धरून पावसाकडे बघायला लागला. मला इतका राग आला की मी छत्री तिथेच विसरले आणि भिजत घरी गेले.

पुढच्या रविवारी मी गेलेच नाही. तिन्ही कपाटं आवरली. आई पाय लांब करून पलंगावरून बघत होती.

"आज खेळ नाही?"

"संपत आलाय तो."

"मग भांडी का आपटतेस? भांडी काही त्या खेळात नव्हती."

"आई, मी थकलेय."

"ते मला दिसतंय, गुडघा फुटलाय माझा, डोळे नाही." मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "रविवारी यायचीस तेव्हाही थकलेलीच असायचीस गं. पण गात यायचीस."

मी तिच्याकडे पाठ करून एकाच चादरीची चारदा घडी घातली.

त्या आठवड्यात एक आजोबा डोळे तपासायला आले. कुठलीही काच लावा, म्हणायचे, "दोन्ही सारखंच." मी काच बदलून दमले. शेवटी विचारलं, "आजोबा, खरंच सारखं दिसतंय?" ते ओशाळले. "चुकीचं उत्तर दिलं तर चुकीचा चष्मा मिळेल ना पोरी. त्यापेक्षा सारखंच म्हटलेलं बरं."

"असं करत राहिलात तर कुठलाच चष्मा मिळणार नाही," मी म्हटलं, आणि माझं मलाच कसंसं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवटच्या रविवारी मी तीनच्या आधीच जाऊन बसले. सूत्रधार आला, मला बघून दारातच थबकला. मागच्या आठवड्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. काकांनी बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे सरकवला, एवढंच.

"सुरू करायच्या आधी," मी म्हटलं, "मला पायरी चढायचीय."

काकांनी हातातलं बिस्कीट परत पुड्यात ठेवलं.

"निवांत काय सोडते?" त्याने नियमाप्रमाणे विचारलं.

"निवांत 'पुढच्या वेळी' हे शब्द सोडते," मी म्हटलं. "झोप संपली होती म्हणून ती थांबली नव्हती. ती खोटं बोलत होती. मोहीम संपली की इथं यायला मिळणार नाही, आणि इथला एक माणूस तिला..." मी टेबलाकडे बघत वाक्य पुरं केलं. "इथला एक माणूस तिला दिसणार नाही, म्हणून ती चार महिने पायरी अडवून बसली होती. आता यापुढे तिला काही सांगायचं असेल तर त्याच दिवशी सांगावं लागेल. संपलं."

त्याने माझ्या कागदावर नऊ खोडून दहा लिहिलं. दहाचं शून्य वाकडं आलं.

लढाई अर्ध्या तासात आटोपली. रबरने राक्षसाला वेटोळं घातलं, रेघेने त्याच्याभोवती पिंजरा काढला आणि निवांतने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फासे टाकायचीही गरज पडली नाही. सूत्रधाराने शेवटच्या पानावर तारीख घातली आणि वही मिटली.

"मोहीम संपली."

"अहो, शटर उघडा," बाई लगेच काकांना म्हणाल्या.

"पाचला उघडतो ना मी..."

"आज आत्ता उघडा." त्यांनी काकांना दंडाला धरून बाहेर नेलं.

आम्ही दोघंच उरलो. बाहेर शटर करकरत वर गेलं. तो चष्मा काढून शर्टाला पुसत होता, पुसून झाला तरी पुसत होता.

"आता मी सूत्रधार नाही," तो म्हणाला.

"बरं."

"म्हणजे आता विचारू शकतो." त्याने चष्मा चढवला आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. "तू मला आवडतेस. डोळे तपासले त्या दिवशीच सांगणार होतो, जीभ चावून गप्प बसलो. सूत्रधाराने आपल्या खेळातल्या माणसाला हे विचारायचं नसतं. तुला नाही म्हणायचं असतं तर? नाही म्हणून पुन्हा समोर येऊन बसली असतीस? आठवड्यातली एवढी एकच जागा होती तुझी. ती माझ्यामुळे गेली असती. म्हणून ठरवलं होतं, मोहीम संपली की त्याच दिवशी विचारायचं."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तू मोहीम संपायची वाट बघत होतास..."

"दर रविवारी."

"आणि मी ती संपू देत नव्हते."

"सदतीस गुण!" तो म्हणाला. "दर वेळी वाटायचं, आज चढेल. तू म्हणायचीस, पुढच्या वेळी. मग मला वाटायला लागलं, तुला कळलंय मी काय विचारणार आहे, आणि ते टाळायला तू चढत नाहीस."

मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडूही. मी खोक्यावर बसून दोन्ही एकदमच केलं. चार महिने! सोळा रविवार आम्ही समोरासमोर बसून राक्षस मारत होतो आणि दोघंही एकाच गोष्टीला घाबरत होतो. तो माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला. माझा हात हातात घेतला, आणि या वेळी स्वतःचा हात पुसायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

"मलाही," मी म्हटलं. "आवडतोस म्हणजे... खूप. आणि तू गुरुवारी चाललास."

"गुरुवारी सकाळी. सहा तासांचा रस्ता आहे. रविवारी सुट्टी असते मला, महिन्यातून दोनदा तरी येईन."

"आणि मधले दिवस?"

"मधले दिवस अवघड जातील," तो म्हणाला. त्याने थाप मारली नाही, हे मला फार आवडलं.

दोन वर्षं. आईचा गुडघा, त्याच्या बारा लिफ्ट, सहा तासांचा रस्ता. आमचं काय होणार ते मला माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की चार महिने मी स्वतःच घालवले आणि आता हातात सोमवार, मंगळवार, बुधवार उरलेत. ते मी कोणालाच देणार नव्हते.

मी फोन काढला आणि दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना लावला. सुट्टी मागायला, दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी लगेच उचलला.

"मॅडम, उद्यापासून तीन दिवस मी येणार नाही."

"काय झालं गं?" त्या घाबरल्याच. "बरं वाटत नाहीये का?"

समोर तो बसला होता, माझी बोटं धरून, श्वास रोखून.

"नाही मॅडम," मी म्हटलं, "बरं वाटतंय. म्हणूनच येत नाहीये."